भिंतीतल्या पॉइंटपासून पडद्यापर्यंत : उच्च क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड बसवताना

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावरून, मोठे ग्राफिक्स कार्ड घेऊन माणूस ग्रँट रोड स्थानकाकडे निघतो, तेव्हा त्याच्या हातातल्या खोक्याची किंमत बहुधा घरच्या उरलेल्या संगणकाहून जास्त असते. मी व्हिडिओ संपादन आणि ॲनिमेशन करणाऱ्यांना संगणक जुळवून देतो, आणि आजवरचा अनुभव असा आहे की कार्ड स्वतः बिघडलेले फार क्वचित निघते. अडचण जवळपास नेहमी त्याच्या भोवती असते : वीजपुरवठ्यात, कॅबिनेटच्या जागेत, खोलीच्या उष्णतेत किंवा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, वर्षानुवर्षे तशीच राहिलेल्या एखाद्या सेटिंगमध्ये. म्हणून हे मार्गदर्शन कार्डापासून सुरू न करता, त्याला वीज आणि हवा जिथून मिळते तिथून सुरू केले आहे.

खरेदीपूर्वी मोजपट्टी

कॅबिनेटच्या माहितीपत्रकात ग्राफिक्स कार्डाची कमाल लांबी दिलेली असते, परंतु तो आकडा पुढचा भाग रिकामा आहे असे धरून दिलेला असतो. पुढे पाण्याने थंड करणारा रेडिएटर असेल, तर रेडिएटरचे सुमारे २७ आणि पंख्याचे २५ असे ५२ मिलिमीटर त्यातून वजा करावे लागतात. आरटीएक्स ४०९० या कार्डाची एनव्हिडिया कंपनीने स्वतः काढलेली आवृत्ती ३०४ मिलिमीटर लांब आणि तीन स्लॉट जाड आहे (स्लॉट म्हणजे मदरबोर्डावरची, संगणकाच्या मुख्य पटलावरची, कार्ड बसवण्याची खाच), पण आपल्या बाजारात प्रामुख्याने मिळणारी इतर उत्पादकांची तीन पंख्यांची कार्डे ३३० ते ३६० मिलिमीटरपर्यंत जातात, आणि त्यांतली काही साडेतीन स्लॉटांची जागा व्यापतात.

लांबीपेक्षा उंची अधिक वेळा फसवते. कार्डाची उंची, म्हणजे मदरबोर्डापासून कॅबिनेटच्या बाजूच्या काचेच्या झाकणाकडे येणारे अंतर, सुमारे १४० ते १५० मिलिमीटर असते आणि वीजेची केबल त्याच काठावर जोडली जाते. जोडापासून पहिले ३५ मिलिमीटर तरी केबल सरळ राहिली पाहिजे, त्यानंतरच ती वळवावी. ही जागा न धरल्यामुळे काचेचे झाकण लावताना केबल दाबली जाते. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका यंत्रात झाकणाने जोड एका बाजूला कलला होता आणि दोनच महिन्यांत त्या बाजूचे प्लास्टिक तपकिरी पडले होते. त्या दिवसापासून मी कार्ड सुचवण्याआधी काच आणि स्लॉट यांच्यामधले अंतर स्वतः मोजतो.

मदरबोर्डाच्या पुस्तिकेतले एक पानही खरेदीआधी वाचावे. काही बोर्डांवर प्रोसेसरला थेट जोडलेला दुसरा एम.२ स्लॉट, म्हणजे एसएसडी बसवण्याची जागा, वापरला की ग्राफिक्स कार्डाच्या माहिती वाहून नेणाऱ्या सोळा मार्गिकांपैकी आठ त्याच्याकडे जातात. खेळांमध्ये याने फारसा फरक पडत नाही, पण मोठ्या फाइली सतत कार्डाकडे पाठवणाऱ्या कामांत पडू शकतो, आणि तो टाळायला एसएसडी तो सोडून वेगळ्या एम.२ स्लॉटमध्ये बसवणे पुरेसे असते.

एसएमपीएस आणि त्या सोळा पिना

कार्ड ज्यात बसते तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट त्याला ७५ वॉटपर्यंत वीज देतो. सहा पिनांच्या जोडातून आणखी ७५, आठ पिनांच्या जोडातून १५० आणि नव्या सोळा पिनांच्या जोडातून ६०० वॉटपर्यंत वीज मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या आरटीएक्स ४०९० ची मर्यादा ४५० वॉट आहे आणि जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० ची ५७५. त्याखालच्या ५०८० ला ३६० वॉट लागतात, तर प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्सला ३५५ आणि आरएक्स ९०७० एक्सटीला ३०४.

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन संगणकाला पुरवणारा डबा, निवडताना कार्डाची मर्यादा, प्रोसेसरची प्रत्यक्ष कमाल आणि उरलेल्या यंत्रासाठी सुमारे १०० वॉट अशी बेरीज करावी. ५०९० सोबत २०० वॉट खाणारा प्रोसेसर असेल तर ती ८७५ होते, आणि एनव्हिडियाने त्या कार्डासाठी १००० वॉटचा एसएमपीएस का सुचवला आहे ते लगेच कळते. ४०९० आणि ५०८० यांच्यासाठी कंपनीची शिफारस ८५० वॉटची आहे. ही सरासरी गरज झाली. कार्ड मात्र सेकंदाच्या अगदी लहान अंशासाठी मर्यादेच्या पुष्कळ वर जाते, आणि जुना एसएमपीएस त्या उसळीला शॉर्टसर्किट समजून बंद पडतो. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकानुसार एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंदांपर्यंत सोसला पाहिजे. त्यामुळे नवीन एसएमपीएस एटीएक्स ३.० किंवा ३.१ चा उल्लेख पाहूनच घ्यावा. केवळ वॉटचा मोठा आकडा आणि सोनेरी चिठ्ठी पाहून घेऊ नये, कारण ती चिठ्ठी वीज किती वाया जाते एवढेच सांगते, उसळी सोसण्याबद्दल काहीही सांगत नाही.

आता त्या सोळा पिनांच्या जोडाबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या संपूर्ण बसवणीतले सर्वांत नाजूक ठिकाण तेच आहे. ६०० वॉट आणि १२ व्होल्ट म्हणजे ५० अँपिअर. हा प्रवाह वीज आणणाऱ्या सहा पिनांत विभागला की प्रत्येकीच्या वाट्याला ८.३ अँपिअर येतात, आणि पिनेची मर्यादा साधारण साडेनऊ अँपिअरची आहे. जुन्या आठ पिनांच्या जोडात १५० वॉटसाठी तीन पिनांवर प्रत्येकी ४.२ अँपिअर येत, म्हणजे सुरक्षिततेसाठी भरपूर जागा शिल्लक राहत असे. नव्या जोडात ती जागा फारच कमी असल्यामुळे एक-दोन पिना नीट टेकल्या नाहीत, तर त्यांच्या वाट्याचा प्रवाह इतर पिनांवर जातो आणि त्या तापून वितळतात. ४०९० च्या सुरुवातीच्या महिन्यांत अशा घटना घडल्या, तेव्हा जोड पूर्ण आत न बसणे हे त्यामागचे एक ठळक कारण असल्याचे एनव्हिडियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितले. पुढे १२व्ही-२×६ ही सुधारित रचना आली. तिच्यात संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या आहेत, त्यामुळे जोड अर्धवट बसला तर कार्डाला वीज घेण्याची परवानगीच मिळत नाही. धोका यामुळे कमी झाला असला तरी संपलेला नाही.

म्हणून केबल लावताना कॅबिनेटमध्ये उजेड हवा. जोड अंगठ्याने सरळ आत दाबावा, डावीउजवीकडे हलवत बसवू नये. कार्ड आणि जोड यांच्यामध्ये फट दिसता कामा नये, आणि खटका अडकल्यावर हलकेच ओढून पाहावे. हा जोड साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला असतो, म्हणून संशय आला की उपटून पाहण्याची सवय लावून घेऊ नये. एसएमपीएसवरच सोळा पिनांची केबल असेल तर तीच वापरावी. कार्डासोबत आलेला जोडपट्टा (ॲडॉप्टर) वापरायचा असेल, तर त्याच्या प्रत्येक आठ पिनांच्या टोकाला एसएमपीएसपासून स्वतंत्र केबल द्यावी. एकाच केबलला असलेली दोन टोके दोन्हीकडे खुपसणे टाळावे.

एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. सुट्या केबलींचा जुना एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा, किंवा त्याच कंपनीचा दुसऱ्या मालिकेतला एसएमपीएस बसवताना जुन्या केबली कधीही तशाच ठेवू नयेत. कार्डाकडचे टोक सगळीकडे सारखे असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकावर पिनांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असतो. केबल सहज बसते, आणि बटण दाबताच लाखाची वस्तू जळू शकते. तसेच प्रोसेसरची आठ पिनांची केबल चार अधिक चार अशी दुभंगते आणि ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन अशी. जोर लावावा लागत असेल, तर हातात चुकीची केबल आहे असे समजावे.

भिंतीतला पॉइंट, अर्थिंग आणि यूपीएस

साधा ६ अँपिअरचा पॉइंट २३० व्होल्टला १३८० व्होल्ट-अँपिअर देतो, म्हणजे एका यंत्राला तो पुरतो. प्रश्न येतो तो त्याच पॉइंटवरून एक्स्टेंशन बोर्ड लावून संगणक, दोन मॉनिटर, स्पीकर आणि इस्त्री चालवली जाते तेव्हा. दादरच्या एका जुन्या इमारतीतले यंत्र फक्त संध्याकाळी रेंडरच्या, म्हणजे अंतिम चित्रे तयार करण्याच्या, वेळी बंद पडत असे. कार्ड, रॅम, कार्ड चालवणारे ड्रायव्हर सॉफ्टवेअर असे सगळे तपासून झाल्यावर एक्स्टेंशन बोर्ड उघडला, तर आतल्या पितळी पट्ट्या सैल होऊन काळ्या पडल्या होत्या. यंत्र थेट भिंतीतल्या पॉइंटवर लावल्यावर तक्रार थांबली. एवढ्या भाराचा संगणक जमल्यास वायरमनकडून काढून घेतलेल्या १६ अँपिअरच्या स्वतंत्र पॉइंटवर असावा, आणि एसी त्याच तारेवर नसावा.

जुन्या चाळींत आणि पागडीच्या इमारतींत अर्थिंग नसणे ही नेहमीची गोष्ट आहे. एसएमपीएसच्या आत विद्युत गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या धातूकडे जोडलेले असतात आणि त्यातून येणारा किंचित प्रवाह अर्थिंगमधून निघून जाणे अपेक्षित असते. अर्थिंग नसेल तर तो प्रवाह कॅबिनेटवरच राहतो आणि अनवाणी पायांनी हात लावल्यास झिणझिण्या येतात. अशा स्थितीत एचडीएमआय केबल चालू यंत्रात काढली-घातली तर कार्डाचे किंवा टीव्हीचे पोर्ट जाऊ शकते. वायरमनला मीटर लावायला सांगावे. फेज आणि अर्थिंग यांच्यात जवळपास २३० व्होल्ट दिसले पाहिजेत, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात अगदी थोडे. हे काम झाल्याशिवाय मी महागडे कार्ड बसवून देत नाही, आणि त्यावरून गिऱ्हाईक नाराज झाले तरी चालते.

यूपीएस घ्यायचा असेल तर ६०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) छोटा डबा या यंत्राला निरुपयोगी आहे, कारण त्याची खरी क्षमता सुमारे ३६० वॉट असते. यंत्राच्या एकूण वॉटपेक्षा जास्त वॉटचा, आणि शक्यतो शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घ्यावा.

प्रत्यक्ष बसवणी

जुने कार्ड काढण्याआधी दोन कामे उरकून घ्यावीत. मदरबोर्डाचे बायोस अद्ययावत करावे, कारण नवे कार्ड पडद्यावर काही दाखवेल की नाही हे कधीकधी त्यावर ठरते. नंतर इंटरनेट तोडून, विंडोज सेफ मोडमध्ये सुरू करून, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या मोफत साधनाने जुना ड्रायव्हर पुसावा. एएमडीकडून एनव्हिडियाकडे किंवा उलट जाताना तर हे कराच.

मग यंत्र बंद करून, एसएमपीएसचे बटण पाडून आणि तार भिंतीतून काढून, सुरू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून ठेवावे, म्हणजे आत साठलेली वीज उतरते. मुंबईच्या दमट हवेत स्थिर विजेचा त्रास कमी असतो, पण एसी चालू असलेल्या कोरड्या खोलीत तो असतो, म्हणून अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. कॅबिनेट टेबलावर आडवे ठेवावे. दोन किलोंपेक्षा जड कार्ड उभ्या कॅबिनेटमध्ये एका हाताने तोलत बसवताना स्लॉटला झटका बसतो.

प्रोसेसरच्या सर्वांत जवळचा लांब स्लॉट वापरावा आणि त्याच्या समोरच्या मागील पट्ट्या काढाव्यात. तीन स्लॉटांच्या कार्डाला बहुधा दोन किंवा तीन पट्ट्या काढाव्या लागतात. स्लॉटच्या टोकाचा खटका उघडून, कार्डाची धातूची पट्टी कॅबिनेटच्या खाचेत उतरते आहे ना हे पाहत, दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन कार्ड खाली बसवावे. खटक्याचा आवाज आला तरी सोनेरी दातांची रेषा कुठेही वर दिसत नाही ना, हे वाकून पाहावे. आधी स्क्रू घट्ट करावेत, मग कॅबिनेट उभे करून कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली आधार द्यावा आणि शेवटी वीजेची केबल लावावी. हा क्रम उलटा केला तर कार्ड खाली झुकताना केबलीवर ताण येतो.

कार्ड उभे दाखवण्यासाठी रायझर केबल, म्हणजे स्लॉट आणि कार्ड यांना जोडणारी केबल, वापरणाऱ्यांनी तिची पीसीआय एक्सप्रेसची पिढी तपासावी. तिसऱ्या पिढीच्या रायझरवर चौथ्या किंवा पाचव्या पिढीचे कार्ड लावले तर पडदा काळा राहतो किंवा अधूनमधून यंत्र गोठते. अशा वेळी बायोसमध्ये स्लॉटचा वेग रायझरच्या पिढीवर आणून ठेवावा.

पहिल्यांदा सुरू करताना

मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टला लावावी. मदरबोर्डाच्या पोर्टला ती लावलेली राहिल्यामुळे “कार्ड चालत नाही” असे फोन मला आजही येतात. डीडीआर५ रॅमच्या बोर्डांवर बायोस बदलल्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला काही मिनिटे पडदा कोरा राहू शकतो, कारण बोर्ड रॅमची जुळवणी करत असतो. त्या वेळी घाईने वीज तोडू नये. त्यानंतरही चित्र आले नाही, तर मदरबोर्डावरचे छोटे निदान दिवे पाहावेत. त्यांतला व्हीजीए लिहिलेला दिवा पेटून राहिला असेल, तर पुन्हा स्लॉट आणि वीजेचा जोड यांकडे वळावे.

चित्र आले की बायोसमध्ये जाऊन अबव्ह ४जी डिकोडिंग आणि रीसायझेबल बार हे दोन्ही चालू करावेत. एएमडी याच सोयीला स्मार्ट ॲक्सेस मेमरी म्हणते. यामुळे प्रोसेसरला कार्डाची संपूर्ण मेमरी एकदम दिसते, एरवी २५६ मेगाबाइटांच्या छोट्या खिडकीतून काम चालते. मात्र त्यासाठी सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय, बंद असावा लागतो, आणि जुन्या पद्धतीच्या एमबीआर डिस्कवर विंडोज असेल तर सीएसएम बंद करताच ते सुरूच होत नाही. आधी बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने डिस्क नव्या पद्धतीच्या जीपीटीमध्ये बदलावी आणि मगच ही सेटिंग बदलावी.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी एकच टीप : आरटीएक्स ५० मालिकेला एनव्हिडियाचे खुले कर्नेल मॉड्यूलच लागते, जुने बंदिस्त मॉड्यूल त्यांना ओळखत नाही. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या मॉड्यूलवर सही करावी लागते.

तपासणी

ड्रायव्हर टाकल्यावर कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे साधन उघडावे. बस इंटरफेसच्या रकान्यात सोळा मार्गिका दिसल्या पाहिजेत. कार्ड निवांत असताना पिढीचा आकडा खाली येतो, म्हणून शेजारचे प्रश्नचिन्ह दाबून छोटी चाचणी सुरू करावी आणि मग आकडा वाचावा. तिथेच आरओपींची, म्हणजे चित्राचे अंतिम ठिपके लिहिणाऱ्या घटकांची, संख्याही पाहावी. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेतल्या काही कार्डांत त्या कमी निघाल्या होत्या आणि असे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याचे एनव्हिडियाने मान्य केले होते. ५०९० मध्ये १७६, ५०८० मध्ये ११२ आणि ५०७० टीआयमध्ये ९६ आरओपी हव्यात. प्रत्येकी आठ कमी दिसल्यास कार्ड बदलून मागावे, आणि म्हणूनच जीएसटीच्या पक्क्या बिलावर कार्डाचा अनुक्रमांक दुकानातच लिहून घ्यावा.

त्यानंतर ओसीसीटी किंवा थ्रीडीमार्कची चाचणी अर्धा तास चालवावी आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमाने पाहावीत. ४०९० आणि ५०९० यांची कमाल ९० अंश सेल्सिअस आहे, पण नेहमीच्या भाराखाली ७५ च्या आसपास राहणारे कार्ड मला निर्धास्त वाटते. चाचणीत यंत्र क्षणात पूर्ण बंद झाले तर एसएमपीएस किंवा पॉइंटकडे पाहावे. पडदा काळा होऊन पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले तर वीजेचा जोड तपासावा. चित्रात रंगीत ठिपके आणि चौकटी दिसल्या तर कार्डाच्या मेमरीवर संशय घ्यावा, आणि अशा वेळी दुरुस्तीचे प्रयोग न करता वॉरंटी वापरावी.

मुंबईची हवा

खोलीचे तापमान एका अंशाने वाढले की कार्डाचेही जवळपास तेवढेच वाढते. ८०० वॉट खाणारे यंत्र ८०० वॉटची शेगडीच असते. एक टनाचा एसी सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत त्याची जवळजवळ पाव ताकद एकट्या संगणकावर खर्च होते. पाच तासांच्या रेंडरला चार युनिट वीज लागते ती वेगळीच.

यावरचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे कार्डाची वीजमर्यादा उतरवणे. एमएसआय आफ्टरबर्नरमध्ये पॉवर लिमिटची पट्टी ७५ ते ८० टक्क्यांवर आणली की ४०९० चा वेग अगदी थोडा घटतो, पण उष्णता, आवाज आणि सोळा पिनांवरचा भार या तिन्ही गोष्टी ठळकपणे उतरतात. मी बसवून दिलेल्या प्रत्येक मोठ्या कार्डावर हे करून ठेवतो आणि मालकाला त्याचे कारण समजावून सांगतो. पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, आणि आत घेणारे पंखे किंचित जास्त, अशी रचना ठेवली की फटींतून धूळ शिरत नाही.

एका यंत्रात दोन कार्डे लावू इच्छिणाऱ्यांना तर ही मर्यादा अटळ आहे. आरटीएक्स ४० मालिकेपासून घरगुती कार्डांवर दोन कार्डे थेट जोडणारी एनव्हीलिंक ही सोय नाही, दोन्ही कार्डांची मेमरी एकत्र होत नाही आणि खेळांना दुसऱ्या कार्डाचा उपयोग नाही. ब्लेंडरच्या सायकल्ससारखे रेंडरर मात्र काम दोघांत वाटून घेतात. त्यासाठी दोन लांब स्लॉटांना आठ-आठ मार्गिका देणारा आणि त्यांच्यात किमान चार स्लॉटांचे अंतर असलेला मदरबोर्ड शोधावा लागतो.

वरळी, वर्सोवा किंवा माहीमसारख्या समुद्रालगतच्या घरांत खारी हवा धातूचे टोक काळे पाडते, आणि शेजारी पुनर्विकासाचे काम चालू असेल तर सिमेंटची धूळ महिन्याभरात जाळ्या भरून टाकते. जाळ्या दर पंधरवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावाव्यात. कार्डावर हवा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर ती नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये, दोन-तीन दिवसांतून तासभर तरी चालवावे, म्हणजे आतला दमटपणा उडतो. मे महिन्याच्या अखेरीस पावसाआधीची साफसफाई करताना, सोळा पिनांचा जोड न काढता टॉर्चच्या उजेडात त्याच्या कडा पाहाव्यात. प्लास्टिकचा रंग बदललेला दिसला किंवा जळका वास आला, तर यंत्र त्याच क्षणी बंद करून ती केबल बदलेपर्यंत पुन्हा सुरू करू नये.